बंद स्टेशनांवरचे रविवार

ट्रॉयमध्ये पानगळ सुरू झाली की शेजारीपाजारी पानं उडवायची यंत्रं बाहेर काढतात, आणि आमचे हे नकाशा बाहेर काढतात.

लोक लाल-पिवळी पानं बघायला उत्तरेकडे गाड्या हाकत जातात, सफरचंदाचा रस काढणाऱ्या साइडर मिलवर रांगा लावून गरम डोनट खातात. आम्हाला झाडावरची पानं नकोच असतात. ती सगळी खाली आली की मग आमचा हंगाम. मिशिगनचा हा सपाट मुलूख उन्हाळ्यात हिरव्याने इतका बुजलेला असतो की त्यात जुनं काही दिसतच नाही. नोव्हेंबरात झाडं उघडी पडतात आणि एखाद्या मक्याच्या शेताच्या कडेने एक किंचित उंच, सरळसोट रेघ दिसायला लागते. तो जुन्या रेल्वेचा भराव. रूळ कधीच उचलून नेलेले, खडीवर ओक वाढलेले. ती रेघ धरून जायचं आणि तिच्यावरचं एखादं बंद पडलेलं स्टेशन शोधून काढायचं. मग हे फलाट पावलांनी मोजणार, आकडा वहीत लिहिणार आणि मी थर्मासमधला चहा ओतणार. अमेरिकेतल्या इतक्या वर्षांतला आमचा पानगळीतला रविवार हा असा.

शोधायच्या खुणा आता मलाही पाठ झाल्यात. गावात रूळ नाहीत पण एका रस्त्याचं नाव डेपो स्ट्रीट आहे, आणि इकडे डेपो म्हणजे रेल्वे स्टेशन, तेव्हा ते इथेच कुठेतरी. सपाट रस्त्यावर गाडी उगीच एकदा उसळते, तिथे पूर्वी फाटक होतं. धान्याचं उंच कोठार रस्त्याकडे पाठ करून उभं आहे, म्हणजे त्याचं तोंड रुळांकडे होतं. आणि आजूबाजूला घर नसताना, अंगणात हौसेने लावतात ते लायलॅकचं झुडूप दिसलं तर तिथे कुणा मास्तरच्या बायकोचं अंगण होतं हे नक्की समजायचं. तिने तिथे पाणी घातलेलं असतं, कपडे वाळत घातलेले असतात, गाडी गेल्यावर दोन मिनिटं उगीच उभी राहिलेली असते. मला हे माहीत आहे, कारण मी स्टेशन मास्तरची मुलगी आहे.

नोव्हेंबरच्या मध्यावर इकडे हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो. कुणी चुकून आम्हालाच हरीण समजू नये म्हणून आम्ही झगझगीत केशरी टोप्या घालतो. तसला आमचा एक फोटो पाहून इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत एका पुण्याच्या मुलीने डोळे मोठे केले होते. "काकू, तुम्ही हंटिंग करता? सिरीयसली?"

"हो गं," मी म्हटलं, "स्टेशनांचं."

यंदा मात्र पानं पडायला लागली आणि मला टोप्या शोधायचाच कंटाळा आला. कंटाळा म्हणते, पण तो शब्द बरोबर नाही. मी दमले आहे. यांना पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली. जन्मभर डॉक्टरकी केलेला माणूस पेशंट म्हणून किती वाईट असतो ते मला विचारा. दिवसातून पाच वेळा गोळ्यांचा गजर, शर्टाची बटणं, चमच्यातून सांडलेलं वरण, आणि बाथरूमच्या उंबऱ्यापाशी यांचे पाय जमिनीला चिकटले की "एक, दोन, तीन" म्हणत त्यांना सोडवणं. आकडे मोजले की पाय निघतात. का निघतात ते यांना इंग्रजीतून सांगता येतं, पण मोजायचं मी. माझा स्वतःचा उजवा गुडघा त्याचं वेगळंच काहीतरी म्हणत असतो, त्याच्याकडे लक्ष द्यायला वेळ होत नाही.

या सगळ्यात मी एक खोटं बोलत आले आहे, ते आधीच सांगून टाकते.

आमची मुलगी रश्मी नॉर्थ कॅरोलिनात, मॉरिसव्हिलला राहते. तिने घर घेतानाच खालच्या मजल्यावरची एक खोली आमच्यासाठी धरली. बाथरूमला दांडे बसवून घेतले. "आई, ज्या दिवशी बाबांचं वॉकिंग कमी होईल ना, त्या दिवशी तुम्ही दोघं इकडे मूव्ह करायचं. नो आर्ग्युमेंट्स. डील?" आम्ही दोघांनीही डील म्हटलं. तेव्हा हे टेनिस खेळत होते, त्यामुळे म्हणायला काही लागलं नाही.

गेली दोन वर्षं लांबचं काही जमत नाही म्हणून आम्ही एकाच स्टेशनावर जातो, घरापासून चाळीस मिनिटांवर. मिशिगनमध्ये आम्ही मोजलेला पहिला फलाट तो. स्टेशनची इमारत नाही, गवतात काँक्रीटची एक लांब कड तेवढी शिल्लक आहे. वहीत नोंद आहे, चौऱ्याऐंशी पावलं. रविवारी परतताना रश्मीचा फोन येतो. "किती चालले बाबा?" मी सांगते, "एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चौऱ्याऐंशी." ती म्हणते, "एटी-फोर, स्टेडी. गुड." यांची पावलं आखडत चालल्यामुळे त्याच फलाटाला यांना गेल्या वर्षी एकशे सतरा पावलं लागली. मग एकशे बेचाळीस. तेही वहीत लिहिलेलं आहे. वही खोटं बोलत नाही, मी बोलते. हे शेजारच्या सीटवर बसून ऐकतात आणि खिडकीबाहेर बघतात.

खरं सांगितलं तर ट्रॉयचं घर बंद होणार. त्या घरात मी जन्मभराची भांडी, मैत्रिणी आणि कढीपत्त्याची कुंडी जमवून बसले आहे. म्हणून चौऱ्याऐंशी.

असं खोटं बोलण्याची मला जुनी सवय आहे. ती एका दुसऱ्या पानगळीत लागली.

आमचं लग्न झालं आणि यांना यॉर्कशायरमधल्या एका डोंगराळ गावच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. माझे वडील, अप्पा, तेव्हा कुर्डुवाडीला होते. त्यांच्या ऑफिसात कुणा जुन्या साहेबाने मागे ठेवलेला इंग्लंडच्या रेल्वेचा नकाशा होता, काचेच्या फ्रेममध्ये, काळ्या रेघांनी गच्च भरलेला. अप्पांना तो पाठ होता. कधी न पाहिलेल्या देशातली जंक्शनं ते आपल्या घरातल्या खोल्यांसारखी सांगायचे. आमच्या गावाचं नाव ऐकल्यावर त्यांनी चष्मा लावला, काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे बघा. लीड्सला गाडी बदला, मग या जंक्शनला उतरा. तिथून ही छोटी फाटा-लाइन. पुढचंच स्टेशन तुमचं. स्टेशनातून बाहेर पडलात की गाव."

हॉस्पिटलच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, जंक्शनहून बस पकडा. आम्ही ते वाचलं होतं. पण आमच्याकडे छापील पत्रापेक्षा वडीलधाऱ्यांचं बोट मोठं. त्यातून ते रेल्वेतले. हॉस्पिटलवाल्यांना रेल्वेचं काय कळतंय, असंही आम्ही बोललो असू.

जंक्शनला उतरलो तो रविवार होता. ऑक्टोबरचा भुरभुर पाऊस, चार वाजताच दिवे लावावेसे वाटणारा उजेड. यांनी हमालाला विचारलं, अमुक गावची गाडी कोणत्या फलाटावर? त्या म्हाताऱ्याने हातातली ढकलगाडी थांबवली. मग अगदी हळू आवाजात, घरी कुणी गेल्याचं सांगावं तसं म्हणाला की ती गाडी गेली, दहा-बारा वर्षं झाली. लाइनच काढून टाकली. आणि रविवारची शेवटची बस वीस मिनिटांपूर्वी सुटली.

ट्रंका त्याच्या ताब्यात देऊन आम्ही चालायला लागलो. वाट विचारायची गरज नव्हती, कारण अप्पांनी सांगितलेली लाइन समोरच होती, फक्त तिच्यावर रूळ नव्हते. माझ्या पायात चपला, अंगावर माहेरची नारायणपेठी आणि वरून यांचा कोट. दोन्ही बाजूंनी नेचे तांबूस पडलेले, दगडी पूल शेवाळलेले, खडीत पाणी साचलेलं. भरावाच्या कडेला जागोजाग सफरचंदाची झाडं होती. पुढे कळलं की ती कुणी लावलेली नव्हती. पूर्वी गाडीतल्या लोकांनी खाऊन खिडकीबाहेर टाकलेल्या बियांची ती झाडं. गाड्या बंद झाल्या तरी दर पानगळीला ती आपली फळं टाकत होती, आंबट, हिरवी, कुणाच्याच नसलेली. पुढे चार वर्षं मी त्यांचं कैरीसारखं लोणचं घातलं.

तीन मैल चालल्यावर स्टेशन आलं. फलाटावर मेंढ्या बसल्या होत्या. मी एका दगडी कडेवर बसले आणि रडायला लागले. पावसाने नाही, पायांनी नाही. मला काचेवरचं अप्पांचं बोट दिसत होतं. ज्या माणसाने जन्मात गाडी चुकवली नाही, त्याने एकुलत्या एक मुलीला नसलेल्या गाडीत बसवलं होतं, आणि हे त्यांना कळता कामा नये एवढंच माझ्या मनात येत होतं.

यांना रडणाऱ्या बायकोपुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. लग्नाला तीनच महिने झाले होते. हे उठले आणि फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांब लांब टांगा टाकत चालत गेले. मेंढ्या उठून बाजूला झाल्या. परत येऊन म्हणाले, "एकशे बारा पावलं. अप्पांना लिही, फलाट चांगला लांब आहे."

मी लिहिलं. तुम्ही सांगितलंत तिथेच उतरलो. फलाट एकशे बारा पावलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, फक्त एक गोष्ट राहून गेली होती.

मग अप्पांचे प्रश्न यायला लागले. परदेशी टपालाच्या निळ्या एरोग्रामवर बारीक, सरळ अक्षरात. पाण्याची टाकी कोणत्या हाताला? सिग्नल केबिन दगडी की लाकडी? पुढच्या स्टेशनला जाताना बोगदा लागतो तो किती लांब? उत्तरं द्यायची तर जाऊन बघणं भाग होतं. म्हणून यांच्या सुटीच्या रविवारी आम्ही ती सबंध लाइन चालून काढली. पाट्या कुठेच नव्हत्या, तेव्हा स्टेशनांना आमचीच नावं पडली. मेंढ्यांचं स्टेशन, कोंबड्यांचं स्टेशन. एक भांडणाचं स्टेशन होतं, ते कशावरून झालं ते आता दोघांनाही आठवत नाही. हे पावलं मोजायचे, पुलाच्या कमानी मोजायचे, आणि मी सोमवारी पत्र लिहायची. पेटीत टाकायला हे जायचे.

कोंबड्यांच्या स्टेशनात एक म्हातारा राहत होता, मास्तरच्या जुन्या क्वार्टरमध्ये. त्याला मी पत्रातून मास्तर करून टाकलं. अप्पांनी लगेच लिहिलं, तिथल्या मास्तरांना माझा नमस्कार सांगा. मी तीन मैल जाऊन सांगितला. त्या बिचाऱ्याला कुर्डुवाडी म्हणजे काय आणि नमस्कार कशाबद्दल, काही कळेना, पण त्याने टोपी काढली आणि सहा अंडी दिली. दर दिवाळीला अप्पांचा नमस्कार जायचा आणि अंडी यायची.

अप्पांना कळलं नसेल, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रेल्वेतला माणूस, कुणाकडून तरी ऐकलं असेल. पण आम्ही अमेरिकेत आल्यावर, ते जायच्या दोन महिने आधी आलेल्या पत्रातही त्यांनी विचारलं होतं, त्या तुमच्या जुन्या गावची गाडी अजून वेळेवर धावते ना? मी लिहिलं, हो अप्पा, अगदी वेळेवर.

ते गेले तेव्हा मला जाता आलं नाही. त्या वर्षीच्या पानगळीत एका रविवारी सकाळी हे मिशिगनचा नकाशा घेऊन जेवणाच्या टेबलावर बसले. मी मनात म्हटलं, या माणसाला वेड लागलंय स्टेशनांचं. आणि थर्मास भरला.

परवाच्या रविवारी आम्ही पुन्हा आमच्या त्या स्टेशनावर गेलो. ऊन होतं पण त्याला धग नव्हती. शेजारच्या शेतात कापलेल्या मक्याच्या खुंटांत सारस पक्षी दाणे टिपत होते. यांच्या कमरेचा पट्टा मी मागून धरला, यांनी वॉकर धरला, आणि आम्ही काँक्रीटच्या कडेने निघालो. हे मोठ्याने मोजत होते. पन्नासला एकदा पाय चिकटले. मी "एकावन्न, एकावन्न" म्हणत उभी राहिले, माझा गुडघा ठणकत होता आणि वर बदकांचा एक थवा दक्षिणेकडे चालला होता. नव्वदला पुन्हा थांबलो. चौऱ्याऐंशी केव्हा मागे गेले ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. टोकाशी पोचलो तेव्हा पाऊण तास झाला होता.

"दोनशे अकरा," हे म्हणाले. "लिही."

"मोजताना चुकलं असेल काहीतरी."

"चुकलेलं नाही. लिही."

लिहिलं. पानाच्या वरच्या बाजूला यांच्याच पूर्वीच्या ताठ अक्षरात चौऱ्याऐंशी होते. आता यांचं अक्षरही मुंगीएवढं झालं आहे, म्हणून वही माझ्याकडे. यांना गाडीत बसवलं, वॉकर दुमडून मागे टाकला आणि स्टिअरिंगपाशी बसले, तर किल्ली फिरवायचीही इच्छा होईना. उन्हाळ्यापासून ओठांवर अडकलेलं तिथेच बोलून गेले.

"अहो, मी दमले. पुढच्या वर्षी मला हे जमणार नाही."

या दुखण्यात यांचा चेहरा फारसा हलत नाही, त्यामुळे काय वाटलं ते कळायला मार्ग नव्हता. हे म्हणाले, "मग आधी नाही का बोलायचंस?"

"म्हणजे?"

"अगं, मला काय करायची आहेत स्टेशनं? मी डॉक्टर माणूस. अप्पा गेले, तू बोलेनाशी झालीस. म्हटलं, हिला रुळांजवळ नेलं तर बरं वाटेल."

"आणि मी तुम्हाला वेड आहे म्हणून थर्मास भरत होते!"

"मला वाटलं तुला आवडतं."

"मला वाटलं तुम्हाला!"

मला आधी सणसणून राग आला. इतक्या वर्षांचे रविवार! दोघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं तर मी निदान झोपले तरी असते. पण राग धरायलाही अंगात जोर लागतो. यांच्या खांद्यांकडे पाहिलं तर ते हलत होते. हे हसत होते, चेहऱ्याला पत्ता लागू न देता. मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता दुसरं काहीतरी यायला लागलं ते मी टोपीने पुसलं. आमच्या घराण्याची ही रीतच म्हणायची. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून प्रत्येक जण त्याला नसलेल्या गाडीत बसवून देतो आणि फलाटावरून हात हलवत राहतो. अप्पा, मी, हे. आणि आता मी रश्मीलाही बसवलं होतं.

गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवर तिचं नाव आलं.

"आई, हाय! कसा झाला वॉक? किती चालले बाबा?"

मी यांच्याकडे बघितलं. माझी सगळी एरोग्रामं पेटीत टाकणारा माणूस हाच. या वेळी यांनी खिडकीबाहेर बघितलं नाही. मधे ठेवलेली वही माझ्या मांडीवर सरकवली आणि बोट त्या शेवटच्या आकड्यावर ठेवलं.

"दोनशे अकरा," मी म्हटलं.

"व्हॉट? टू हंड्रेड अँड इलेव्हन? आई, एटी-फोरवरून टू-इलेव्हन? दॅट्स अमेझिंग यार! बाबा, ऐकताय ना? सो प्राउड ऑफ यू!" ती घरात कुणाला तरी ओरडून सांगत होती. किती दिवसांनी तिचा असा आवाज ऐकला.

बोलले त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिथेच थांबले असते तर एक हिवाळा निघाला असता, कदाचित उन्हाळाही. समोर पानं गळून गेलेल्या झाडांतून तो भराव अगदी लांबपर्यंत स्वच्छ दिसत होता.

"रश्मी," मी म्हटलं, "नीट ऐक बाळा. फलाट तेवढाच आहे."